गेमच्या नोकरीनंतर पुन्हा लिहायला बसताना

नऊ वर्षं मी गेमसाठी लिहिलं. पुण्यातल्या एका स्टुडिओत आधी टेस्टिंग, मग लेखन. पात्रांचे संवाद, खेळाडूला दिलेल्या सूचना, तलवारी-ढालींची दोन-दोन ओळींची वर्णनं. सगळं इंग्रजीत, सगळं एक्सेल शीटमध्ये, आणि प्रत्येक ओळीपुढे तिची अक्षरमर्यादा. जर्मन भाषांतर लांबतं म्हणून मूळ ओळ आधीच आखूड ठेवायची. पहारेकऱ्याला चाहूल लागली की तो ओरडतो, तशा ओळींना आमच्याकडे बार्क म्हणतात. खेळणाऱ्याच्या कानावर त्या शेकडो वेळा पडतात, म्हणून एकाच भावाची दहा-बारा वाक्यं लिहून द्यावी लागतात. हे काम मला आवडायचं आणि मी ते मनापासून केलं.

त्याआधी, कॉलेजात असताना, मी नेटवर मराठीत लिहायचे. मेसमधली आमटी, पीएमटीतली गर्दी, नुकतंच वाचून संपवलेलं पुस्तक, जे सुचेल ते. नोकरी सुटल्यावर वाटलं, आता वेळच वेळ आहे, पुन्हा सुरू करू. बसले, आणि चौथ्या वाक्याच्या पुढे गाडी जाईना. जे उमटत होतं ते सूचनापत्रक होतं. त्यात माणूस नव्हता.

पुन्हा लिहितं व्हायला मला सात-आठ महिने लागले. त्यातून जी कृती हाती लागली ती क्रमानं देते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला आणि भारतात या धंद्यातल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. बाहेरच्या स्टुडिओंमधली कपात तर २०२३ पासूनच चालू होती. त्यातल्या कोणाला पूर्वी लिहायची सवय असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावं.

साहित्य फार नाही: तुमचं नोकरीचं करारपत्र, एक दोनशे पानी वही, मराठी टायपिंगची सोय, आठवड्यातले तीन तास, आणि गेमशी काडीचा संबंध नसलेला एक वाचक.

१. आधी करारपत्र वाचा

गोपनीयतेचं कलम सही करताना बहुतेकांनी वाचलेलं नसतं. आता वाचा. नोकरी संपली म्हणून ते संपत नाही. त्याची मुदत करारातच असते, कधी मुदतच घातलेली नसते. दुसरी गोष्ट, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं तुमचं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की वेगळा करार नसेल तर अशा लेखनाचा पहिला हक्कदार नोकरी देणारा. म्हणजे कापून टाकलेला संवाद कितीही जीव लावून लिहिलेला असला तरी तो नेटवर टाकायचा नाही. काही करारांत 'दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही' अशीही अट असते. १८७२ च्या करार कायद्याचं सत्ताविसावं कलम धंदा करण्याला आडकाठी घालणारे करार रद्दबातल ठरवतं, पण त्यानं गोपनीयतेची अट सुटत नाही. शंका असेल तर वकिलाला फी देऊन एकदा विचारून घ्या. ते पैसे वाया जात नाहीत.

मग वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात बाजारात आलेल्या गेममध्ये कोणालाही दिसतं ते. दुसऱ्यात फक्त आत बसलेल्यांना माहीत असलेलं: रद्द झालेले प्रकल्प, आकडे, साधनं, सहकाऱ्यांचं बोलणं. तिसऱ्यात जे तुमच्या अंगावरून गेलं ते. रात्री दोनला कॅबच्या काचेला टेकवलेलं डोकं, डेडलाइनच्या आठवड्यात रोज आलेल्या त्याच बिर्याणीचा वास, आईचा न उचललेला फोन. दुसरा रकाना बंद ठेवायचा. पहिल्याबद्दल पुढे लिहिता येईल. तिसरा तुमचा आहे, आणि मला तो भरायला चार दिवस लागले, कारण तिकडे कधी बघितलंच नव्हतं.

२. पंधरा दिवस फक्त नोंदी

या पंधरा दिवसांत लेख लिहायचा नाही. रोज तारीख घालून पाच-सहा ओळी, हातानं. आज काय दिसलं, काय ऐकलं, कशाचा राग आला. शेवट करायचा नाही, शीर्षक द्यायचं नाही.

जॉर्डन मेकनर यांनी हे फार चांगलं केलेलं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम १९८९ मध्ये आला. तो बनवताना, १९८५ पासून, ते डायरी लिहीत होते, आणि ती पुढे पुस्तकरूपानं छापली गेली. राजपुत्राच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांनी धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं, त्याची नोंद तिथं आहे. त्याच डायरीत, गेम सोडून सिनेमाच्या पटकथा लिहाव्यात का, ही घालमेलही पानोपानी आहे. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, म्हणून ती पानं आजही जिवंत वाटतात. नोंदीत खात्रीचं बोलायची गरज नसते. आमच्या कामात प्रत्येक ओळ कोणाच्या तरी मंजुरीतून जायची. वहीला मंजुरी लागत नाही. हे शरीरात मुरायला पंधरा दिवस कमीच आहेत, पण सुरुवात होते.

याच काळात मराठी वाचा, आणि मोठ्यानं वाचा. मी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' घेतलं. एकेका महिन्याचं झाड-पान-आभाळ त्यात आहे. रोज सकाळी चालू महिन्याची दोन पानं म्हणायचे. लांब वाक्याचा श्वास मी विसरले होते, तो तिथं परत सापडला.

३. टायपिंगची सोय लावा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग महिन्याभरात लिहिणंच गळतं.

रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची सवय बहुतेकांना असते. चार ओळींच्या निरोपाला ती पुरते. लेख लिहिताना मात्र दोन अडचणी येतात. एक, डोक्यात शब्द आधी इंग्रजी स्पेलिंग होऊन येतो. दुसरी, कीबोर्ड सुचवतो तो शब्द आपण उचलतो, आणि आपला मनातला शब्द मागे राहतो. मला 'धांदल' लिहायचं असायचं आणि यादीत वर 'गोंधळ' यायचा, मी गोंधळ ठेवून पुढे जायचे. म्हणून मी इनस्क्रिप्ट शिकले. विंडोजमध्ये, मॅकमध्ये तो आधीपासून असतो, फक्त चालू करायचा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. पहिला आठवडा चिडचिड होते, दुसऱ्यात बोटं शोधायचं थांबतात, तिसऱ्यात 'दऱ्या'मधला ऱ्य सुद्धा न अडखळता येतो.

इथं एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती माझ्या मनातून जात नाही. स्टुडिओत आम्ही तिघांनी एकदा एका छोट्या गेमची मराठी आवृत्ती करून बघितली होती. पहिल्याच पडद्यावर 'किल्ला' हा शब्द होता. बिल्ड चालू केलं आणि 'क' मोकळा, त्याची वेलांटी पुढच्या 'ल'च्या डोक्यावर, मग एक पाय मोडका ल, आणि शेजारी दुसरा आख्खा. कारण साधं आहे. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर, पण पडद्यावर काढावी लागते अक्षराच्या आधी. जोडाक्षरही सुटे तुकडे जुळवून तयार करावं लागतं. या जुळणीला शेपिंग म्हणतात आणि आमच्या इंजिनात तेव्हा ते होत नव्हतं. दुरुस्त करता आलं असतं, पण माइलस्टोन जवळ होता आणि मराठी कोणाच्या यादीत नव्हती. फाइल तशीच राहिली. स्वतःच्या भाषेतला पहिला शब्द असा मोडलेला बघून मला फार लागलं होतं.

नोकरी सुटल्यावर नव्या कोऱ्या फाइलमध्ये मी पहिला शब्द टाइप केला तो 'किल्ला'. वेलांटी जागेवर होती, ल्ल जोडलेला होता. तुमचाही असा एखादा शब्द असेल, तर त्यानंच सुरुवात करा.

४. पहिला मजकूर: तुमच्या गेमबद्दल लिहू नका

तीनशे ते चारशे शब्द. विषय असा घ्या की जो हातात धरता येतो. गेमच्या नोकरीबद्दल, कपातीबद्दल, उद्योगाच्या भवितव्याबद्दल आत्ता लिहायचं नाही. ते सगळं अजून ओलं आहे, आणि त्यावर लिहिलं की मीटिंगमधली भाषा आपोआप वर येते.

मी सागरगोटे घेतले. माझ्या आत्याकडे पितळी डब्यात आहेत, राखाडी, गुळगुळीत, वर्षानुवर्षं हातात फिरून चकाकी आलेले. माझा पहिला खर्डा असा होता:

"खेळाडूने एक सागरगोटा हवेत उडवावा. तो खाली येण्याआधी जमिनीवरचा एक उचलावा आणि वरचा झेलावा. पुढच्या फेरीत दोन, मग तीन. झेल चुकल्यास डाव दुसऱ्याकडे जातो."

यात चूक काहीच नाही. नियम बरोबर, क्रम बरोबर, एकही शब्द जास्तीचा नाही. नऊ वर्षं मी हेच करत आले. पण आत्या कुठं आहे? डबा कुठं आहे? तो खर्डा फाडू नका. त्यात एक मोलाची गोष्ट असते: यंत्रणा कशी चालते हे तुम्हाला दिसलेलं असतं. फक्त त्या यंत्रणेत आता माणूस बसवायचा. मी पुन्हा आत्याकडे गेले, तिला खेळायला लावलं आणि तासभर नुसती बघत बसले. दुसरा खर्डा:

"आत्या सागरगोटा उडवते तेव्हा वर बघत नाही. नजर खालच्या चौघांवर. वरचा तिच्या तळव्यात आपसूक येतो. आता सांधे धरल्यामुळे तिचा हात पूर्वीसारखा उंच जात नाही. गोटा वीतभरच उडतो, आणि त्या वीतभराच्या वेळात ती तीन उचलते. मी गोटा डोक्याच्या वर उडवते, मला दुप्पट वेळ मिळतो, तरी माझे दोनच होतात."

उंची म्हणजे वेळ, हे मला गेमच्या कामानं शिकवलं. उडी किती उंच, म्हणजे खेळाडूला विचार करायला किती क्षण, याचे तक्ते आमच्याकडे असायचे. ती नजर नसती तर वीतभर आणि डोक्याच्या वर यातला फरक मी टिपलाच नसता. कामानं दिलेली ही नजर जपायची आहे. परत मिळवायचं आहे ते वाक्य, ज्याला कर्ता असतो आणि त्या कर्त्याला नाव-नातं असतं.

५. खर्ड्यातून काय काढायचं, काय ठेवायचं

आज्ञार्थ काढा. 'बघा', 'उचला', 'विचार करा' हे खेळणाऱ्याच्या हाताला दिलेले हुकूम आहेत. वाचणारा खुर्चीत शांत बसलेला असतो. (ही कृती आहे म्हणून इथं ते आले, लेखात येऊ देऊ नका.) 'खेळाडू', 'वापरकर्ता', 'अनुभव' हे शब्द दिसतील तिथं कोण, काय, ते नावानं लिहा. स्टोअरच्या पानावरची विशेषणं, 'थरारक', 'अविस्मरणीय', 'भव्य', सरसकट उडवा. बार्क लिहायच्या सवयीनं एकाच भावाची चार वाक्यं पाठोपाठ येतात. त्यातलं एक ठेवा. बहुतेक वेळा तिसरं चांगलं असतं, पहिली दोन हात मोकळा करण्यात गेलेली असतात.

ठेवायची ती बग लिहायची शिस्त. टेस्टिंगमध्ये असताना आम्ही लिहायचो: काय केलं, कोणत्या क्रमानं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. 'गेम नीट चालत नाही' असं लिहिलेला बग परत यायचा. 'मला वाईट वाटलं' हे वाक्य तसंच आहे. कुठं उभी होते, हातात काय होतं, समोरचा काय म्हणाला, मला काय अपेक्षित होतं, हे लिहिलं की वाईट वाटणं वाचणाऱ्यापर्यंत पोचतं. इतकी कामाची शिस्त दुसऱ्या कुठल्या नोकरीनं मला दिली असती असं वाटत नाही.

६. एकाला वाचायला द्या आणि गप्प बसा

प्लेटेस्टचा नियम आठवा: खेळणारा अडकला तरी बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. इथंही तेच. मजकूर छापून किंवा फोनवर द्या आणि बघा, नजर कुठं मागे जाते, बोट कुठं भराभर सरकतं. 'कसं वाटलं?' विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर मिळतं. 'काय लक्षात राहिलं?' असं विचारा.

मी आत्यालाच दिलं. ती चष्मा लावून वाचत होती, एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, "अगं, चौघं कुठले? आपण सात घेऊन खेळतो. त्या दिवशी तुला जमेना म्हणून मी दोन बाजूला ठेवले होते." मला ते कळलंही नव्हतं. तिनं माझ्यासाठी खेळ सोपा केला होता, मला न दुखवता. लेखाचा शेवट मी शोधत होते, तो तिनं दिला.

७. वार ठरवा, टाका, आणि आकडे बघू नका

आठवड्यातला एक वार, एक वेळ. माझा रविवार सकाळ. मजकूर तयार असेल तसा जाऊ द्यायचा. 'अजून एक पॉलिश' म्हणत राहिलात तर ते क्रंचच आहे, डेडलाइनआधी रात्रंदिवस राबवतात तसं, फक्त घरातलं.

टाकल्यावर सात दिवस किती जणांनी वाचलं ते बघायचं नाही. मोबाइल गेममध्ये पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती खेळाडू परत आले हे मोजतात आणि त्या तीन आकड्यांवर माणसांचे पगार हलतात. ती धडधड अंगात राहते. मी फोनमधून आकड्यांची सूचना बंद केली, तरी पहिल्या रविवारी अकरा वेळा पान उघडलं. दुसऱ्या रविवारी चार वेळा. पाचव्या रविवारी संध्याकाळी आठवलं, की आज बघितलंच नाही.

दुरुस्तीचंही तसंच. गेम बाहेर गेल्यावर पॅच येत राहतात, म्हणून आपलाही हात सारखा जुन्या लेखाकडे जातो. शुद्धलेखनाची किंवा तपशिलाची चूक लगेच सुधारा. वाक्य आता आवडत नाही, म्हणून ते बदलू नका. पुढच्या रविवारी दुसरं लिहा.

८. सहा-सात लेखांनंतर गेमकडे वळा

आता पहिला आणि तिसरा रकाना उघडा. सुरुवात दुसऱ्यांच्या गेमपासून करा, खेळणाऱ्याच्या खुर्चीत बसून. मासाहिरो साकुराई यांचं उदाहरण मला धीर देतं. 'किर्बी' आणि 'स्मॅश ब्रदर्स'चे हे कर्ते जपानमधल्या 'फामित्सू' साप्ताहिकात २००३ पासून २०२१ पर्यंत सदर लिहीत होते. सदराच्या नावाचा अर्थ साधारण 'गेमबद्दल मला वाटतं ते' असा. एवढ्या जबाबदारीच्या कामात असूनही ते स्वतः खेळलेल्या गेमवर साध्या भाषेत लिहीत राहिले.

आपल्याकडचं काही घ्यायचं तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आहे, २०२० मध्ये आलेला. त्यात भिंतींवरची चित्रं पुराणकथा सांगतात आणि खेळता खेळता आपण त्यांच्यासमोर थांबतो. अशा एका भिंतीसमोर तुम्ही किती वेळ उभे राहिलात आणि आजीनं तीच गोष्ट कशी सांगितली होती, एवढ्यावर चांगला लेख होतो.

क्रंचबद्दल लिहायचं असेल तर तुमच्या शरीराबद्दल लिहा. कोणाचं नाव नको, प्रकल्पाचं नको. क्रंचच्या दिवसांत मी मान वळवता येत नाही म्हणून रिक्षात बसल्यावर पूर्ण अंगानं वळून रस्ता बघायचे, एवढंच लिहिलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

९. स्वतःची प्रत ठेवा

३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद झाले, आणि विकत घेतलेला गेम लोकांना खेळता येईनासा झाला. मोठ्या गेमचं हे, तर छोट्या मोबाइल गेमचं काय सांगायचं. मी तीन वर्षं ज्यात लिहिलं तो गेम एका मंगळवारी बंद झाला. त्यातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याचे संवाद मला अजून पाठ आहेत, पण ते आता कुठंच वाचता येत नाहीत, आणि पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे मी ते इथं लिहूही शकत नाही.

म्हणून रविवारी लेख टाकला की लगेच, चहाला उठण्याआधी, तो साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर. वर्षातून एकदा सगळं छापून स्पायरल बाइंडिंग करून घ्या. मी दोन करून घेतल्या. दुसरी आत्याला हवी होती.